डॉक्टरांचा कप

ताई : ...म्हणजे वर तोफा चाललेल्या, आणि खाली तू लोकांना चहाची चव घ्यायला शिकवत होतास?

धाकटा : शिकवत कसला, ताई. गुंतवत होतो. या इमारतीला तळघर एकच, आमच्या कंपनीचं. माझी नमुने चाखायची खोली. लांब ओटा, पांढरे कप, भिंतभर डबे. बंदर बंद व्हायच्या आधी भारतातून आलेले नमुने तसेच पडून होते. पहिल्या दिवशी सगळे बिऱ्हाडकरू येऊन बसले, पण कुणी कुणाशी बोलेना. वर काही आदळलं की छताची माती डोक्यावर. हातांना काम नसलं की माझं काय होतं, तुला ठाऊक आहे. ठेवलं पाणी उकळायला.

ताई : आणि आई प्यायली? कोरा चहा? घोटभर दूध कमी पडलं तर कप परत करणारी बाई ती.

धाकटा : पहिला घोट घेतला आणि विचारलं, हा काढा कुणाच्या पोटदुखीसाठी? मग मी सांगितलं, असा नाही प्यायचा. चमच्याने सुर्रकन ओढायचा, टाळूवर आदळला पाहिजे. लाजायचं नाही. कामावर असताना आम्ही थुंकून टाकतो, पण तेव्हा पाण्याचे हाल. म्हटलं, गिळा. आसामचा घेतला की भाजलेल्या धान्यासारखा, अंगात भरणारा. दार्जिलिंगचा हलका, घशातून उतरल्यावर मागे फुलांचा वास ठेवणारा. निलगिरीचा एकदम स्वच्छ, लिंबाची साल चुरडावी तसा. मग जो तो आपापलं सांगायला लागला. कुणाला ओल्या लाकडाचा वास, कुणाला शाळेच्या दप्तराचा. वर धडधड सुरू झाली की सगळे मिळून सुर्र करायचे. हसायचेसुद्धा, खोटं नाही सांगत.

ताई : दातांचे डॉक्टरही यायचे?

धाकटा : यायचे ना. जीभ काय तयार त्यांची! पण ते पडले पलीकडच्यांपैकी. ज्यांच्या तोफा, त्यांच्यातले. तीस वर्षं इथल्या लोकांचे दात काढले त्यांनी, तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग एक दिवस पोस्टमास्तरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, माझा मुलगा तिकडे यांच्या माणसांसमोर उभा आहे, मी यांच्या शेजारी बसून चहा पिणार नाही. बाकीचे गप्प. गप्प म्हणजे काय ते कळतंच. डॉक्टरांनी आपला कप विसळून पालथा घातला आणि वर आपल्या घरी निघून गेले. परत खाली उतरले नाहीत.

ताई : आई कुणाला काही बोलली नाही?

धाकटा : चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की त्यांचा कप बशीने झाकून स्वतः वर न्यायला लागली. मी आडवा गेलो, तर म्हणाली, माझ्या वाटेतून बाजूला हो. वर बसायची घटकाभर. खाली येऊन सांगायची, डॉक्टर म्हणतात आजचा आसाम जरा कडक झाला. मी दुसऱ्या दिवशी पत्ती कमी घालायचो. मला तेवढंच बरं वाटायचं.

ताई : मग ते गेले कधी?

धाकटा : तेच तर. इमारतीच्या मागच्या अंगाला एक गोळा बसला. आई सगळ्यांच्या आधी वर जाऊन आली. म्हणाली, मागची भिंत पडली, डॉक्टर ठीक आहेत, पुढच्या खोलीत बसलेत. आणि कप नेणं चालूच. रिकामा कप, निरोप, सगळं तसंच. मग तिचा गुडघा धरला, म्हणून कप घेऊन मी गेलो. ताई, त्या घरात मागची-पुढची खोली असं काही राहिलंच नव्हतं. एकच खोली उरलेली, तिला भिंत नाही, समोर उघडं आकाश. डॉक्टर खुर्चीत. अंगावर आईची शाल, गळ्यापर्यंत नीट खोचलेली. थंडीचे दिवस म्हणून... गेलेले होते ते. बऱ्याच आधी गेलेले. समोर एक स्टूल होतं. सगळीकडे चुन्याची भुकटी, फक्त स्टूल पुसलेलं.

ताई : अरे देवा.

धाकटा : मागच्या अंगणात पुरलं आम्ही. सगळे आले, पोस्टमास्तर फाटकाशी उभे राहिले. पण मी आजपर्यंत तिला एका शब्दाने विचारलं नाही. काय विचारणार? मला निरोप कोण देत होतं म्हणून? ती सांगायची ना, आज डॉक्टर दार्जिलिंगवर खूश आहेत, तेव्हा ते अगदी त्यांचेच शब्द असायचे. घरात असताना मला आता अधूनमधून ते सुर्र ऐकू येतं, वरून. लढाई थांबली, तरी ती रोज दुपारी वर जाते. म्हणून म्हणतो, बसमध्ये जागा सांगून आलीस खरी, पण ती येणार नाही.

ताई : मी विचारते.

(आई जिना उतरून येते. हातात दोन कप.)

आई : काय विचारतेस? दोघं कुजबुजताय कधीपासून, वरपर्यंत ऐकू येतंय.

ताई : आई, डॉक्टर गेल्यावर तो कप कोण पीत होतं?

आई : मी. दुसरं कोण पिणार? टाकून द्यायचा का चांगला चहा?

धाकटा : मग मला का नाही सांगितलंस?

आई : तुला सांगितलं असतं तर खाली कळलं असतं. डॉक्टर गेले म्हटल्यावर त्यातल्या दोघाचौघांचा जीव भांड्यात पडला असता. वाईट माणसं नव्हती रे, घाबरलेली होती. पण त्यांना मी रोज माझ्या हाताने चहा देत होते. मला त्यांची तोंडं तशी बघायची नव्हती.

ताई : बरं. पण आता तर सगळ्यांना कळलंय. आता वर कशाला जातेस? तिथे काय आहे?

आई : माणसं येतात. एकेकटी, दुसऱ्याला कळू न देता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई येऊन रडून गेल्या. त्यांचे मिस्टर नुसतेच बसून गेले. म्हणून दोन कप नेते. त्या उघड्या खोलीत एकट्या माणसाला बसवत नाही गं.

ताई : किती दिवस चालायचं हे? मी तुला न्यायला आलेय.

आई : येते ना. मी कुठे नाही म्हणतेय? पोस्टमास्तर तेवढे राहिलेत. जिन्यापर्यंत येतात, कठड्याला हात लावतात आणि परत जातात. ते एकदा वर येऊन जाऊ देत, मग तू म्हणशील तिकडे येते.