चमेलीची गुंडी

सौंदडच्या फलाटावर यादोराव गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती. नवऱ्याच्या मांडीवर बँडच्या ड्रमचा तांब्याचा घेर होता, घरीच ठोकून केलेला. गोंदियाला त्यावर कातड्याचं पान चढवायचं होतं.

"आता तरी सांगा, तांबं कोठून आणलं?"

"तुही पाण्याची गुंडी, चमेली."

"अगा बाई! मायनं लग्नात देल्ली थे? इचारलं काऊन नाही?"

"तू नाहीच म्हणली असती."

"मायचं नाव कोरलं होतं तिच्यावर. थेबी ठोकून मिटवलं असन!"

"इकडून पाय."

यादोरावांनीही मान लांब केली.

"हाय की! एक अक्षर नाही दबलं."

"सासूच्या नावावर हातोडी चालवाची माही हिंमत नाही."

"मंग मायच्या गावच्या वरातीत नाव लोकायकडं ठेवजा."

"अन् सासूनं इचारलं, गुंडी कोठी हाय?"

"सांगजा, वाजून राहिली."