फुकटचा वजीर

सून : थांबा ना बाबा. विचार करतेय मी.

सासरे : कर की. विचाराला कोण नाही म्हणतंय? फक्त चहा दुसऱ्यांदा गार झाला, तेवढं कानावर घातलं.

सासूबाई : तिला घाई करू नका हो. ती जिंकली तर तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेणार आहात. मी इथे साक्षीला बसलेय, भाजी निवडायला नाही.

सासरे : अगं, शब्द मोडलाय का मी कधी? या घरात जे काही ठरलं, ते या पटावर ठरलं. मुलाची शाळा, भिंतींचा रंग...

सासूबाई : म्हणूनच बाहेरच्या खोलीला तो रंग आहे. आलेला पाहुणा आधी विचारतो, घरात कुणी आजारी आहे का.

सासरे : आणि ऑपरेशनचा प्रश्न येतोच कुठे? जन्मभर घड्याळं दुरुस्त केली मी. चालतं घड्याळ उघडलं की त्याचं पुढे काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मीच उघडायचो.

सून : बाबा, हा वजीर तुम्ही इथे मुद्दाम आणलात?

सासरे : म्हणजे?

सून : म्हणजे मी तो मारू शकते. अगदी फुकट.

सासरे : हो. म्हणजे, मुद्दामच. वजीर काय कुणी चुकून ठेवतो?

सून : तेच म्हटलं. म्हणून मी घेत नाहीये.

सासरे : घेत नाहीस?

सून : इतक्यात नाही. तुम्ही तो का दिलात, ते आधी बघते.

सासरे : अगं, ऐकलंस का ही काय म्हणाली?

सासूबाई : ऐकलं. वजीर घेत नाही म्हणाली. मग जिंकणार कशी, ते तिचं तिला ठाऊक.

सासरे : काय झालं ते तुला कळलंच नाही. तुझा मुलगा आयुष्यभर माझ्याशी खेळला. समोर काही फुकट दिसलं रे दिसलं, की याचा हात तिथे. उचललं, हसला, आणि मेला.

सासूबाई : हरला की माझा मुलगा. त्याला नोकरी लागली तेव्हा तुमचा होता.

सासरे : घोडा कसा चालतो, उंट कसा चालतो, हे कुणालाही शिकवता येतं. त्यानंतर माणूस वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतो. हे बघ, सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो हातात आला, की आपण आधी कुणाला शोधतो?

सासूबाई : मी तुमचे डोळे मिटलेत का ते बघते. मिटलेलेच असतात.

सासरे : स्वतःला शोधतो. नवशिका पटाकडे तसाच बघतो. माझा घोडा, माझा हत्ती, आता माझी चाल. समोर एक माणूस बसलाय, त्याच्याही मनात काही शिजतंय, हे त्याच्या गावीच नसतं. आणि मग एखाद्या संध्याकाळी, कुणी न सांगता, त्याचा पुढे गेलेला हात मागे येतो. तो स्वतःला विचारतो, याने असं का केलं असेल? झालं. तिथे तो नवशिका संपला. आता तो हरेल, पुष्कळदा हरेल, पण पुन्हा मागे जाणार नाही. हे घडताना मी कधी पाहिलं नव्हतं गं. माझ्या बाबतीत घडलं तेव्हा मी खाली मान घालून पटाकडे बघत होतो. आत्ता समोर घडलं. अंगावर काटा आलाय बघ.

सासूबाई : पंखा कमी करते.

सून : बाबा, सापळा सापडत नाहीये.

सासरे : खोल आहे.

सून : तुमचा हत्ती प्याद्यांच्या मागे अडकलाय. घोडा पार त्या टोकाला. वजीर गेला तर तुमच्याकडे काहीच उरत नाही.

सासरे : फार खोल आहे.

सून : मी तो कशाने मारू शकते, सांगा बरं.

सासरे : हा काय प्रश्न झाला?

सून : सांगा ना.

सासरे : घोड्याने.

सासूबाई : तिचा दुसरा घोडाही मघाशीच डब्यात गेला. मीच ठेवला.

(सून पटाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवते.)

सून : उंटाने, बाबा. त्या कोपऱ्यातल्या. काळ्या घरात उभा आहे तो.

सासरे : तिथे उंट आहे?

सून : मागच्या डावातही तुम्ही याच उंटापुढे हत्ती आणून ठेवलात. पांढऱ्या घरातल्या उंटापुढे मात्र कधी काही ठेवत नाही. त्याच्यापासून कसे जपून असता. मला वाटायचं, बाबा मला जिंकू देताहेत.

सासरे : मी कुणालाही जिंकू देत नाही.

सासूबाई : हे खरं आहे. पोटच्या पोराला दिलं नाही.

सून : तेच मनात आलं. जिंकू देणार नाहीत, आणि एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा चुकणाऱ्यांतलेही नाहीत. मग का? तेव्हा कळलं. काळ्या घरातलं काळं सोंगटं तुम्हाला दिसतच नाही. आठवणीवर खेळताय तुम्ही. कोण कुठे गेलं, सगळं डोक्यात ठेवून. आणि एखादं निसटलं, की...

सासूबाई : अहो, खरं का हे? मला तर म्हणालात, जरासं धूसर.

सासरे : जरासंच. काळ्या बाजूला.

सासूबाई : अर्धा पट काळाच असतो.

सून : चाल मागे घ्या बाबा. वजीर परत ठेवा होता तिथे.

सासरे : हात लावला की चाल झाली. नियम माझाच आहे.

सून : असं नाही जिंकायचं मला.

सासरे : असं म्हणजे कसं? वजीर कुणालाही दिसला असता. तुला त्यातून माझा डोळा दिसला. इतकी वर्षं मी या खुर्चीत बसून खेळतोय, मला समोरच्याची फार तर पुढची चाल दिसली. समोरचा माणूस दिसला नाही. उचल तो वजीर.

सून : ऑपरेशनची भीती वाटते ना तुम्हाला?

सासरे : वाटते. खूप वाटते.

सून : मग राहू दे आजचा डाव. पैज नको. मी प्रत्येक चाल तोंडाने सांगत जाईन, तसे खेळू.

सासूबाई : अगं, राहू दे काय? आत्ता कुठे हातात आलेत.

सासरे : ती बरोबर म्हणतेय. आणि तू फोन लाव डॉक्टरांना.

सून : बाबा, माझ्यासाठी म्हणून नको.

सासरे : तुझ्यासाठी कशाला? मघाशी तू हात मागे घेतलास ना, तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला दिसलं नाही.