बिनभाड्याचं घर

अर्दलान : म्हणजे ती तुमच्या बायकोची, सोल्माझची, भाची नाही.

याशार : नाही, उस्ताद.

अर्दलान : लांबचीसुद्धा?

याशार : ती बीरजंदची, आम्ही अर्दबीलचे. मध्ये अख्खा इराण आडवा पडलाय. याहून लांबची कुठून आणू?

अर्दलान : आणि मी वर्षभर जिन्यात तिला विचारतोय, 'काय नसीबे, मावशी बरी आहे ना?'

याशार : 'बरी आहे' म्हणायची ना? गुणी मुलगी आहे हो. कुणाला खोटं पाडत नाही.

मलीहे : याशार आगा, बसा आधी. काकडी घ्या, मीठ तिथेच आहे. अर्दलान, खालच्या मजल्यावरून माणूस बोलावून घेतलास, त्याला खुर्ची तरी दे. मग चालव खटला.

अर्दलान : खटला कसला? मला फक्त समजून घ्यायचंय. काल ती पोरगी मला जिन्यात गाठते, मान खाली घालते आणि म्हणते, 'उस्ताद, या महिन्याचं भाडं जरा उशिरा दिलं तर चालेल का?' भाडं! आणि मला विचारते!

याशार : मग तुम्ही काय म्हणालात?

अर्दलान : काय म्हणणार? सुचेना. 'चालेल' म्हणालो.

मलीहे : आयुष्यातलं पहिलं भाडं, आणि लगेच सवलत.

अर्दलान : मलीहे, हसण्यावारी नेऊ नकोस. या इमारतीत आजवर कोणी कोणाकडून भाडं घेतलेलं नाही. खाली किती कुटुंबं राहून गेली! अनामतीची मोठी रक्कम एकदा घ्यायची, ते घर सोडतील तेव्हा पै न पै परत करायची. मधल्या काळात महिन्याला एक तोमान नाही. साऱ्या अमीराबादेत दुसरं असं घर दाखव मला.

मलीहे : दलाल दाखवतो ना लोकांना. 'हे बघा, ते घर' म्हणून.

याशार : मी तर ऑफिसात सगळ्यांना सांगतो, उस्ताद. आमचे मालक म्हणजे—

अर्दलान : 'मालक' नको.

याशार : बरं. आमचे... वरचे.

मलीहे : वरचे चालेल.

अर्दलान : आणि त्या घरात, माझ्या छपराखाली, तुम्ही एका विद्यार्थिनीकडून भाडं घेता! विद्यार्थी असताना या एका विषयावर मी चाळीस पानांचं पत्रक लिहिलं होतं, याशार आगा. वाटताना पकडलाही गेलो होतो. भाडं म्हणजे काय? जमीन कोणी बनवलेली नाही. भिंती एकदा बांधून झाल्या, बांधणाऱ्याची मजुरी देऊन झाली. त्यानंतर खोली काही सकाळी उठून कामावर जात नाही. कामावर जाते नसीबे. महिनाभर राबते ती, आणि त्यातला मोठा तुकडा नेतो कोण? तर ज्याच्या खिशात किल्ली आहे तो. याला शोषण नाही तर काय म्हणायचं?

मलीहे : 'माझं छप्पर' म्हणालास म्हणून सांगते. छप्पर माझ्या वडिलांचं. कापडबाजारात उभं आयुष्य घालवून बांधलेलं. याशार आगा, घर त्यांचं आणि तत्त्व यांचं, अशी आमच्या लग्नात वाटणी झाली. दोन हिवाळ्यांमागे ते छप्पर गळलं तेव्हा डांबर कोणी घालायचं यावर मात्र पत्रक निघालं नाही.

अर्दलान : दुरुस्तीचा खर्च वेगळा मुद्दा आहे.

मलीहे : हो. तो नेहमी वेगळाच असतो.

याशार : उस्ताद, मी एक बोलू का? राग नका धरू. खोली कामावर जात नाही, मान्य. पण सोल्माझ तिला ताट वाढते. हिवाळ्यात हीटर जळतो. तिची परीक्षा असली की आमची पोरगी टीव्हीचा आवाज पार बंद करून कार्टून बघते, नुसते हात-पाय हलताना. वसतिगृहात तिला सहा जणींच्या खोलीत एक पलंग होता, त्यात ढेकूण. इथं स्वतःचं दार आहे, दाराला आतून कडी आहे. ती स्वतः म्हणाली, तेहरानात पहिल्यांदा पुरती झोप लागली म्हणून. आता हे शोषण झालं का?

अर्दलान : जेवणाचे पैसे घ्या. हीटरचे घ्या. खोलीचे कशाचे घेता?

याशार : खोलीच्या नसण्याचे.

अर्दलान : म्हणजे?

याशार : आमच्या पोरीची खोली आहे ती. पोरगी सोफ्यावर झोपते. पाय लांब झालेत आता तिचे, बाहेर येतात.

अर्दलान : हे मला माहीत नव्हतं.

याशार : तुम्ही खाली येत नाही ना, उस्ताद. मोठेपणा आहे तुमचा. बाकीचे मालक येऊन भिंतीला खिळे किती ठोकलेत ते मोजतात.

अर्दलान : पण मग इतका त्रास कशासाठी? विमा कंपनीत चांगली नोकरी आहे. डोक्यावर भाडं नाही. मग त्या पोरीचे पैसे लागतात कशाला?

याशार : जाऊ द्या ना. मी तिला ताकीद देतो, पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही.

अर्दलान : ताकीद? उलट आज मीच तिच्याशी बोलणार आहे. आजपासून भाडं बंद. आणि तुमचाही करार या महिन्यात संपतोय. तो मी नव्याने करीन, पण एका अटीवर : या घरात कोणी कोणाकडून भाडं घ्यायचं नाही. ते जमत नसेल, तर जड अंतःकरणाने सांगतो, तुम्ही दुसरं घर बघा.

याशार : दुसरं घर.

अर्दलान : अनामत त्याच दिवशी हातात देईन. पै न पै.

याशार : द्याल हो. त्यात शंकाच नाही. पण तेवढ्यात आज अमीराबादेत गाडी उभी करायची जागा मिळेल, उस्ताद. गाडी माझ्याकडे नाही. मग परांदला जाऊ, शहराबाहेर. तिथून निघून ऑफिसात पोचलो की परत निघायची वेळ झालेली असेल. पोरीची शाळा सुटली. सोल्माझचं शिवणकाम सुटलं, गिऱ्हाइकं सगळी या गल्लीतली. आणि नसीबे परत ढेकणांत.

अर्दलान : पण रक्कम तर तीच आहे!

मलीहे : तीच आहे. नुसती अशक्त झालीय. तिला आता घर उचलवत नाही.

अर्दलान : हा महागाईचा दोष. माझा नाही.

मलीहे : याशार आगा, सांगा त्याला. नाहीतर मी सांगते.

याशार : खानम, नको. मलाच लाज वाटते.

अर्दलान : लाज कसली? बोला. उभा जन्म मी वर्गात लोकांचं ऐकून घेतलंय.

मलीहे : वर्गात तू बोललास. ऐकून त्यांनी घेतलं.

याशार : मागच्या उन्हाळ्यात तुम्ही अनामत वाढवलीत, उस्ताद.

अर्दलान : दलाल सांगत होता त्याच्या निम्मीच वाढवली!

याशार : निम्मीच. मी उपकारच मानतो. पण ती निम्मी माझ्याकडे कुठं होती? कर्ज काढलं बँकेचं. आता दर महिन्याला हप्ता. सोल्माझच्या बांगड्या गेल्या, तरी हप्ता पगारात बसेना. मग पोरीची खोली दिली.

अर्दलान : म्हणजे नसीबेचं भाडं—

याशार : हप्त्यात जातं. सगळं नाही जात. खोटं कशाला बोलू, वर थोडं उरतं. त्यात आमचं दूध-दही निघतं. त्याचीच लाज. तिच्या बापाला फोनवर शब्द दिला होता, लेकीसारखी ठेवू म्हणून. आणि लेकीकडून दह्याचे पैसे काढतोय.

अर्दलान : म्हणजे शेवटी बँक! बघ, मलीहे. मी हेच लिहिलं होतं. साखळीच्या टोकाला नेहमी—

मलीहे : थांब. टोक अजून आलेलं नाही. ते वाढवलेले पैसे आपण कुठे ठेवले?

अर्दलान : जपून ठेवले. परत द्यायचे आहेत म्हणून.

मलीहे : कुठे जपून?

अर्दलान : ... बँकेत.

मलीहे : ते आणि त्यांच्या आधीचे, सगळेच. दर महिन्याला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. मग मी औषधाच्या दुकानात जाते, मग खाटकाकडे, मग तुझ्या तंबाखूवाल्याकडे. तुझ्या पेन्शनमध्ये काय येतं? वीज, आणि महिन्यातल्या एका दिवसाचा खर्च.

अर्दलान : तो... तो ठेवीवरच्या नफ्यातला वाटा आहे.

मलीहे : हो. बँक त्याला व्याज म्हणत नाही, तू त्याला भाडं म्हणत नाहीस. सगळी सज्जन माणसं.

अर्दलान : तू कधी बोलली नाहीस मला.

मलीहे : तू कधी विचारलंस? मांस कुठून आलं असं विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारायचास, आज मीठ कमी पडलंय का. आणि खरं सांगू, मलाही तेच सोयीचं होतं. भाडं घेतलं असतं तर दर महिन्याला सोल्माझला तोंड दाखवावं लागलं असतं. तिच्या मनगटाकडे बघावं लागलं असतं. मेसेजला तोंड नसतं. मला वाटायचं, बांगड्या तिने हौसेनेच घालायच्या सोडल्या असतील.

याशार : खानम, तुमच्याबद्दल तिच्या मनात काही नाही.

मलीहे : असायला हवं होतं.

अर्दलान : म्हणजे काल नसीबे चुकून मला विचारत होती, आणि मला वाटलं...

याशार : चुकून नाही, उस्ताद. तिनं सोल्माझला विचारलं होतं, 'माझं भाडं जातं कुठं?' सोल्माझला आडपडदा जमत नाही. ती म्हणाली, 'वर जातं.' म्हणून पोरगी वरच्यांकडे मुदत मागायला आली. धीर होईना तिला. सारखी जिन्यात उतरत-चढत होती.

अर्दलान : आणि मी म्हणालो...

मलीहे : 'चालेल.' मोठ्या मनाच्या मालकासारखं. मी आतून ऐकलं.

(गच्चीवरचा कूलर घरघरत राहतो.)

अर्दलान : तिला भाडं द्यायला उशीर का होतोय?

याशार : एका घरी गणित शिकवायला जाते. त्या बाईनं पैसे थांबवलेत. बाई चांगली आहे, पण तिच्या घरमालकानं अनामत वाढवली म्हणे.

मलीहे : त्यानेही पत्रक लिहिलं असेल.

अर्दलान : वाढवलेली रक्कम मी परत करतो. सगळी. उद्याच बँकेत जाऊ, याशार आगा. तुम्ही कर्ज फेडून टाका.

मलीहे : आणि माझं औषध? मी अडवत नाहीये. नुसतं विचारतेय. थोर निर्णय घेणाऱ्या माणसाला असं काही विचारू नये, पण मी पडले बायको.

याशार : खानमच्या औषधातलं काढून माझं कर्ज नाही फेडायचं. राहू द्या, उस्ताद. चाललंय तसं चालू द्या. तुम्ही नसीबेशी काही बोलू नका, मी पण काही ऐकलं नाही. उलट मीच चुकलो, भाची म्हणून सांगायला नको होतं.

अर्दलान : गप्प बसा हो जरा! ... माफ करा. तुम्ही नका माफी मागू. तुम्ही माफी मागितलीत की मला बसायला जागा उरत नाही. ऐका. कर्ज फेडलंत की हप्ता संपेल. बरोबर? मग त्यानंतर तुम्ही मला दर महिन्याला... थोडं...

याशार : थोडं काय?

अर्दलान : द्या काहीतरी.

मलीहे : काहीतरी म्हणजे? शब्द आहे त्याला.

अर्दलान : मला ठाऊक आहे शब्द.

मलीहे : मग म्हण.

अर्दलान : भाडं. भाडं द्या मला, याशार आगा. हप्त्याच्या निम्मं. करारात तसंच लिहू, त्याच शब्दात. मलीहे, त्यात भागेल?

मलीहे : औषध भागेल. मांस नाही.

अर्दलान : मांस कमी खाऊ.

मलीहे : तंबाखूही.

अर्दलान : ... तंबाखूही.

याशार : निम्मं म्हणजे फारच कमी आहे, उस्ताद. दलाल हसेल.

अर्दलान : तो पूर्वीही हसतच होता. मला वाटायचं, कौतुकाने हसतो.

याशार : आणि नसीबेचं काय?

अर्दलान : ते तुम्ही ठरवा. तिच्या वतीने बोलायचा मला आता काय अधिकार?

याशार : खोली तिचीच राहील. परत नाही पाठवायची तिला त्या पलंगावर. जेवणाचं घेईन. आणि खोलीचं... थोडं घेईन, उस्ताद. आहे त्यापेक्षा पुष्कळ कमी. अगदीच सोडता नाही यायचं. भाडं तर आता मलाही द्यायचंय.

अर्दलान : हो. आता तुम्हालाही द्यायचंय.

मलीहे : ठरवाल ते तिला विचारून ठरवा. आपण तिघं इथं बसून तिचा भाव काढतोय, आणि ती खाली तुमच्या पोरीची वेणी घालतेय.

याशार : विचारतो, खानम. मग असं करतो, दर पहिल्या तारखेला खात्यात टाकत जातो. तुमचा नंबर आहे माझ्याकडे.

अर्दलान : खात्यात नको. वर आणून द्या. माझ्या हातात.

याशार : रोख? उस्ताद, आजच्या नोटांत म्हणजे पिशवी भरून आणावी लागेल.

अर्दलान : पिशवी आणा.

याशार : बरं. आणि तुम्ही घरी नसलात, तर खानमकडे देऊ?

अर्दलान : नको. मी नसलो, तर पैसे घेऊन परत खाली जा. मी येईन मागायला.