गडव्यातली वाळू

(हिंगणघाट. दुपारचे चार. टीव्हीवरचा सिनेमा नुकताच संपला आहे. खोलीत रामबाई, त्यांचे यजमान चंद्रभान आणि मुलगा वैभव याची मुलगी गुंजन.)

रामबाई : ‘वाहतं असन तिथलंच पाणी घेजो, बाई. महादेवाले थांबलेलं पाणी नको वाहू.’ माह्या मायचा आवाज अजून तसाच कानात आहे. सिनेमा पाहताना सारखा तोच ऐकू येत होता.

चंद्रभान : ह्या पिक्चरमधे तुले माय आठवली? गुंजन, पाह्य तुह्या आजीले! बंदुकीच्या गोळ्या हवेत थांबून राह्यल्या, माणसं भिंतीवरून धावून राह्यले, अन् हिले माय आठवते!

गुंजन : आबा, बोलू द्या ना तिला. आजी, आवडला ना पण? खरं सांग.

रामबाई : आवडला. मारामारी मले नाई समजली. एवढे काळे कोट घालून उन्हात कसे फिरतात तेही नाई समजलं. पण तो पोरगा जागा होते, आपण जगलो ते सगळं यंत्रानं दाखवलेलं होतं हे त्याले कळते, तिथं माह्या अंगावर काटा आला. जागं झाल्यावर थंडी आहे, फाटके कपडे आहेत, खायले बेचव पेज आहे. तरी तो वापस नाई जात. ज्यानं हे लिहिलं त्यानं कुठंतरी कीर्तन ऐकलं असन.

चंद्रभान : वा रे वा! पंचवीस वर्षं झाले, मी हेच बोंबलून राह्यलो. गुंजन, आमच्या टॉकीजमधे तीन हप्ते चालला हा पिक्चर, हिंदीत. रोजचे चार शो. ऑपरेटरच्या खोलीले एवढीशी खिडकी राहे, तिच्यातून मी एकही शो सोडला नाई. पब्लिक फायटिंगले शिट्ट्या मारे, अन् मी त्या जागं होण्याच्या सीनची वाट पाहो. तुह्या आजीले म्हतलं, एक डाव ये, बाल्कनीत बसवतो. नाई आली.

रामबाई : माह्या चातुर्मासाचा नेम होता तेव्हा.

चंद्रभान : तुह्या नेमातून सवड कधी होती वं?

गुंजन : आबा, आणि तो फितूर होतो तो? स्वतःच्या माणसांना विकतो, खोट्या जगातल्या चांगल्या जेवणासाठी. काय भारी लिहिलाय ना तो माणूस! त्याचा रागही येतो आणि...

रामबाई : तो आला तेव्हा तुह्ये आबा उठून आत गेलते.

चंद्रभान : पाणी प्यायले गेलतो. मनाई आहे काय?

रामबाई : नाई. मले पाण्याचंच विचारायचं आहे.

चंद्रभान : कोणत्या पाण्याचं?

रामबाई : गुंजन, तुही आत्या दवाखान्यात होती तेव्हा मी महादेवाजवळ बोलले होते. आचल आपल्या पायानं घरी आली, तर हजार दिवस अखंड, रोज पायी जाऊन वणा नदीचं पाणी वाहीन. दोनशे चाळीस दिवस मी आणलं. मंग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुह्ये आबा म्हणाले, तू बस, आता मी आणतो. पुजाऱ्याले विचारलं, तो म्हणाला नवऱ्यानं आणलं तरी चालते.

गुंजन : माहीत आहे ना, आजी. सोमवारी उद्यापन आहे म्हणून तर मी नागपूरहून आले. आत्याही येणार आहे सेलूहून.

रामबाई : मी आणत होते तेव्हा गडव्याच्या बुडाले दोन-चार कण वाळू राहे. नदीचं पाणी आहे, राहीनच. तुह्ये आबा आणू लागले, पुढं पुढं पाणी एकदम साफ. एक दिवस मी सहज म्हतलं, आजकाल वाळू नाई राहत. आठवते तुमाले?

चंद्रभान : एवढं कोण ध्यानात ठेवते बाप्पा!

रामबाई : दुसऱ्या दिवसापासून रोज वाळू राहू लागली.

गुंजन : आबा?

रामबाई : जाडी वाळू. तिच्यात परवा सिमेंटचा खडा निघाला. मी तोही देवावरून आलेला म्हणून तुळशीत ठेवला. पाण्याले नळाच्या औषधाचा वास येत होता. नाकाले कळत होतं, मनच ऐकत नव्हतं. आज तो पोरगा डोळे उघडून बसला, अन् मले वाटलं, मी कायले मिटून बसली आहे? सांगा. पाणी कुठून आणता तुमी?

चंद्रभान : नदीवरून. अजून कुठून आणीन?

रामबाई : देवघराकडं पाहून सांगा.

गुंजन : आबा, बोला ना काहीतरी.

चंद्रभान : ...चौकातल्या हॉटेलावरून. तिथच्या नळाचं.

गुंजन : काय? केव्हापासून?

चंद्रभान : आधी मी जात होतो, बरं! महिना-सव्वा महिना रोज गेलतो. मंग एक दिवस घाटावर पाय घसरला. शेवाळ होतं. चांगला आपटलो. तुले सांगितलं नाई, तुहा पाय अजून सुजलेला होता, तू काळजी करत बसली असती. म्हतलं दोन दिवस पाय बरा होऊ दे, तोवर नळाचं नेतो. दोन दिवसांसाठीच केलतं, वैभवची माय.

रामबाई : मंग तिसऱ्या दिवशी?

चंद्रभान : तिसऱ्या दिवशी तू म्हतलं, आज पाणी किती थंडगार आहे, नदीले पाणी आलं वाटते. असं खुश होऊन म्हतलं. आता तिथं काय सांगू?

रामबाई : खरं सांगायचं होतं.

चंद्रभान : आपल्या हातानं पडदा फाडू? टॉकीजमधे रीळ तुटली तर पब्लिक खुर्च्या फोडे. मी सेकंदात जोडून टाको, कोणाले समजे नाई. जिंदगीभर तेच काम केलं ना मी.

रामबाई : त्या हॉटेलात सकाळी कोणकोण बसते?

चंद्रभान : आता त्याचं काय?

रामबाई : कोणकोण बसते?

चंद्रभान : पुंडलिकराव. हरिदास. अजून दोघं-तिघं.

रामबाई : त्याईच्या समोर गडवा भरत होते तुमी.

चंद्रभान : हसत नव्हते कोणी. म्हणजे... पुंडलिकराव एकदा म्हणाले, चंद्रभान, गंगा भरली काय? मजाकमधे. एकदाच.

रामबाई : गेल्या महाशिवरात्रीले पुंडलिकराव घरी आलते. हात जोडून म्हणाले, वहिनी, तुमच्यासारखी निष्ठा नाई पाह्यली. मी त्याईले प्रसाद देला. म्हणजे चौकाले माहीत होतं. मलेच नाई.

गुंजन : आबा, हे खूप वाईट केलं तुम्ही. खरंच.

चंद्रभान : अगं पण पोरगी बरी झाली ना! आचल चालून राह्यली, फिरून राह्यली, नोकरीवर जाऊन राह्यली. महादेवाचीच काही तक्रार नाई, अन् तुमी दोघी माह्या अंगावर! अन् उन्हाळ्यात जाऊन पाह्य तिथं. घाटाच्या पायऱ्यांजवळ पाण्याचा थेंब नाई. तू तीस वर्षं जिथं आंघोळ केली ते कोरडं ठक्क पडलं राहते. ते तुले दाखवू? तुह्या मनातली नदी भरलेली होती, ते काय वाईट होतं?

रामबाई : त्या सिनेमातले यंत्रंही असंच म्हणत असतीन. याईले आम्ही सुखात ठेवलं म्हणून.

चंद्रभान : मी यंत्र झालो आता?

रामबाई : नाई. यंत्राजवळ मी भाकर नसती खाल्ली पंचेचाळीस वर्षं.

गुंजन : आजी...

रामबाई : पाणी नळाचं आणलं, ते मी सोसलं असतं. पाय घसरला, माणूस थकते, सवय लागते. देवाजवळ तुमच्या वतीनं मीच माफी मागितली असती. पण वाळू? सकाळी उठून, कोणाच्या बांधकामावर वाकून, चिमटीत वाळू घेऊन गडव्यात टाकायची. रोज. अन् घरी आल्यावर मी ती बोटानं पुसून डोक्याले लावायची, ते उभं राहून पाहायचं. तेव्हा काय वाटे तुमाले?

चंद्रभान : पयले काही दिवस वाटे.

रामबाई : मंग?

चंद्रभान : मंग नाई वाटे.

गुंजन : आजी, रडू नको ना. आपण सोमवारचं करू काहीतरी. पुजाऱ्यांना विचारू, प्रायश्चित्त वगैरे असतं ना? आत्याला काही सांगायचंच नाही.

रामबाई : म्हणजे अजून एक पडदा. नको, बाई. आचलले फोन कर. ये म्हणा, जेवायले ये, पण उद्यापन नाई. काऊन नाई ते मीच सांगीन तिले.

चंद्रभान : अवं, माह्ये पयले दिवस तर खरे होते! महिना-सव्वा महिना. तुही शपथ. ते तरी धर.

रामबाई : कसे धरू? आता मले खरे कोणते अन् खोटे कोणते, कसं कळन? ते खरे असले तरी तुमीच घालवले. आज मले तुमच्या हातचा एक दिवसही मोजता येत नाई.

गुंजन : मग काय करणार आहेस तू?

रामबाई : मी तर बोललेली आहे ना. ते काही फिटलं नाई. अखंड म्हतलं होतं, खंड पडला. आता एकापासून.

चंद्रभान : हजार दिवस? सदुसष्ट वर्षांची आहेस तू! गुडघ्यात लोखंड आहे! तीन वर्षं तू रोज नदीवर जाशीन?

रामबाई : जितके होतीन तितके. संध्याकाळचं पाणीही महादेवाले चालते. गुंजन, फडताळातला गडवा दे मले. तो पितळी नको, तो आबांच्या हातातला. स्टीलचा दे.

गुंजन : थांब, मी स्कूटी काढते. पाच मिनिटांत पोचू.

रामबाई : पायी जाईन म्हणून बोलले होते. तू आचलले फोन कर.

चंद्रभान : वैभवची माय, ऐकून घे. घाटाजवळ पाणी नाई सांगितलं ना. वरच्या अंगाले, खडकाच्या पलीकडं थोडी धार राहते. दगडं आहेत तिथं.

रामबाई : मंग खडकाच्या पलीकडं जाईन.

चंद्रभान : मी येतो. हात धरतो. गडवा तूच धर, मी गडव्याले हात नाई लावत.

रामबाई : नको.

चंद्रभान : मागं मागं येतो. दुरून.

रामबाई : तुमी दिसले की मले वाळू दिसन. आज नका येऊ.

चंद्रभान : मंग कधी येऊ?

रामबाई : मले नाई माहीत.

गुंजन : आजी, निदान चप्पल तरी घाल. आणि काठी.

रामबाई : काठी घेतली. आण तो गडवा.

चंद्रभान : अंधार पडायच्या आत येजो. मी... मी दारात बसतो.

रामबाई : दूध तापत ठेवलं आहे. उतू जायच्या आधी गॅस बंद करा.