शेळीच्या पोटातलं

बदनापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको गाभण शेळी घेऊन बसले होते.

“खतासाठी शेतात मेंढरं बसवली, तवाच म्हन्लो होतो, शेळी बांध.”

“बांधलीच होती. मेंढ्यानं तुमाला न्हाई इचारलं, मला इचारंल व्हय?”

“डॉक्टर म्हन्ले, असलं पिल्लू बहुतेक पोटातच मरतंय. पिल्लू पाडून शेळी जल्दी मोकळी करू.”

“बहुतेक म्हन्ले. हलून राह्यलंय ते. हात लावा.”

“अन् शेळीच गेली मंग?”

“मी बसते तिच्यापाशी. तुमी हात तर लावा.”

त्यानं हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

“शेळी न्हाई, मेंढरू न्हाई. जगलं तर म्हनायचं काय त्याला?”

“ते मंग बघू. आदी चीक पाजायचा.”