सहावा भाग आधी

हॅलो?... कोण, अंबुजाक्का? बरं झालं तूच फोन केलास. तुझ्या भाचीचं काय करू सांग मज!... मधूचं गे, आणखी कुणाचं? सव्वा महिना झाला चेन्नईहून येऊन, अन् झोपाळ्यावर बसून नुसती पुस्तकं वाचते. तीही उलटीपालटी! एकाच गोष्टीचे सात भाग, तर हिनं आधी सहावा वाचला, मग दुसरा. पानावर बसून आधी पायसम अन् मग सांबारभात, असं कुणी करतं?

...कसली म्हणजे? पोलिशीण आहे एक, यामिनी म्हणून. चेन्नईतले खून शोधते. बसस्टँडमागच्या चिंचेवर पिशाच बसतं, ते तिला साक्ष देतं... हसू नकोस! इन्नंबूरच्या तुझ्या जावांपेक्षा खरं बोलतं ते... मज कसं ठाऊक? मी केळफूल निवडते, ती मोठ्यानं वाचते. तिसरीच शिकलेय मी, पण कान शाबूत आहेत.

हो, हो... शुक्रवारी गिरिधर बायकोला न्यायला येतोय, ठाऊक आहे... अगे ऐक ना!... विचारलं, दहादा विचारलं. भांडण झालं? 'काही नाही, आई.' मारलं? नाही. पितो? तेही नाही... तेच तर! मीही हेच म्हणत होते, काही झालंच नाही तर बॅग भर.

...थांब. आधी गोष्ट ऐक... हो, आत्ताच! कुकर बंद कर अन् ऐक.

लायब्ररीत सहावाच होता, म्हणून तो आधी आणला. त्यात शेवटी कळतं, यामिनी कुठं जाते, कुणाला भेटते, ते सगळं खुन्याला सांगणारा तिचाच नवरा... हो! घरातलाच!... मग मिळाला दुसरा. त्यात नवं नवं लग्न. नवरा कॉफी करून देतो. दिवसातून चारदा फोन, 'कुठं आहेस? सोबत कोण?' संध्याकाळी ठाण्याच्या दारात स्कूटर घेऊन उभा. अन् तिची आई गल्लीभर सांगते, जावई काय मायाळू!... मज सहावा ठाऊक ना! सुरी आपटून मी ओरडले, 'अगे बये, माया कसली, पहारा आहे हा!'

...मधू वाचायची थांबली, अक्का. बोट पानावर तसंच. माझ्याकडे बघत राहिली.

...नाही, ती नाही रडली.

...मज आठवलं गे. देवळात, सगळ्यांदेखत मीच नव्हते का सांगत? 'माझा जावई दिवसातून चारदा फोन करतो. लेकीला एकटी कुठं सोडत नाही.' शेजारच्या विशालाक्षीला तर हिणवलं होतं, तुझ्या जावयाला बायकोची आठवण तरी येते का म्हणून.

...हो. मग नीट विचारलं. कालच... गिरिधर तिचा फोन तपासतो रोज. माझ्याशी बोलायचं तर स्पीकर लावून, तो शेजारी. अक्का, दोन वर्षांत माझी लेक फोनवर माझ्याशी एक शब्द एकटी बोलली नाही. अन् मी म्हणायची, मुलगी सुखात आहे, तक्रार म्हणून नाही!

...लोक काय म्हणतील? लोकांनी नुसता दुसरा भाग वाचलाय. मीही तेवढाच वाचला होता... हॅलो? हॅलो? आहेस ना?... स्थळ तू आणलंस, मान्य. पण 'हो' तर मीच म्हटलं. आता रडून काय?... शुक्रवारी सकाळच्या बसनं ये अन् माझ्या शेजारी बस, एवढं पुरे... हो, दह्यातली डांगर पच्चडी करते. ये तू.

...धर जरा. ठेवू नकोस, तूही ऐक.

मधू! दाराआड उभी राहून ऐकत होतीस ना? बरं झालं. पुढं ये... गिरिधर येईल शुक्रवारी. कॉफी मी देईन, बोलेनही मीच. तू बॅग भरायची नाहीस. आणि ती पुस्तकं उलटी वाच, सुलटी वाच, मी काही म्हणणार नाही. तळ्याजवळची लायब्ररी उघडली असेल, जा, सातवा भाग घेऊन ये... एकटीच जा. वाटेत कुणी भेटलं तर बोलत बस. कुठं आहेस म्हणून मी फोन करणार नाही.