शॅम्पेन नव्हे, फ्रांचाकोर्ता

...नाही नाही, शॅम्पेन म्हणू नका, मी एकदा म्हटलं तर आमचे ब्रुनोसाहेब डबा थंड होईपर्यंत समजावत बसले, "नो नो सलील, शॅम्पेन फ्रेंच, धिस इज फ्रांचाकोर्ता, माय व्हिलेज!" आता मला काय, दोन्हींत फेसच... पण साहेबांनी इटलीहून स्वतःच्या बॅगेतून बाटली आणलेली, म्हणाले, तुझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की मस्कतला, अल् खुवैरच्या तुझ्या घरी जेवायला येतो, बूच तू उडवायचं. तुम्हाला सांगतो, जन्मात एकदा बूच उडवायची हौस होती हो मला! त्यासाठी उंच पेलेसुद्धा आणले.

आता एवढं कौतुक बायकोला सांगितल्याशिवाय राहवतं का? म्हटलं, प्रेमा, या वाइनच्या फॅक्टरीत बाटल्या उलट्या ठेवतात, रोज हाताने जरा जरा फिरवतात, गाळ तोंडाशी उतरला की... पुढचं ऐकायला ती थांबते कशाला? "म्हणजे लोणच्यासारखंच की," म्हणाली. म्हटलं, लोणचं नव्हे बाई, फ्रांचाकोर्ता! आणि आठवडाभर गेलो खाबुऱ्याला साइटवर.

परत आलो तो नेमका लग्नाच्या वाढदिवसाच्या दिवशी. गॅलरीत मस्कतचं रणरणतं ऊन, उन्हात गोड लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि बरणीच्या तोंडात माझी बाटली उलटी खोचलेली... रिकामी!

"अहो, तुम्हीच म्हणालात ना उलटी ठेवून फिरवायची? रोज फिरवली. ऊन दाखवलं. बुचाला तार किती आवळलेली, जीव गुदमरेल म्हणून काढून टाकली. काल फट्ट झालं. बरं झालं, सगळं बरणीतच पडलं, थेंब वाया गेला नाही."

मी उंबऱ्यातच बसलो.

संध्याकाळी साहेब हजर, टाय लावून. "यल्ला, कम ऑन सलील, बॉटल?" मी आपला उंच पेले पुसत बसलो, तेवढ्यात प्रेमाने पानात पोळी आणि लोणचं वाढलं. साहेबांनी चाखलं... डोळे मिटले... परत घेतलं. "प्रेमाजी, व्हॉट इज धिस?"

"शॅम्पेन नव्हे हं साहेब," प्रेमा खुशाल मराठीत म्हणाली, "फ्रांचाकोर्ता!"

साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि वर गावी न्यायला बाटलीभर लोणचं मागितलं. माझी तक्रार नाही हो, संसार सुखाचा आहे... जग ज्याचं बूच उडवतं, ते मी रोज पोळीला लावून खातो. आणि खरं सांगू? अजून जरा मुरायला हवं.